नाताळच्या नाटिकेत मरीयेला सरकारी दवाखान्यात न्यायचं का?

बत्तीवाली_सिस्टर
४ डिसेंबर, रात्री ११.२०

सलाम मंडळी,

आमच्या देवळातली नाताळची नाटिका मी लिहिते. लिहिते म्हणजे काय, अकरा वर्षांपूर्वी एकदा लिहिली, तेव्हापासून मेंढपाळांचे विनोद तेवढे बदलते. राहुरी तालुक्यातलं गाव, ख्रिस्ती मंडळीची साठेक घरं. चोवीस तारखेला रात्री देवळापुढच्या ओट्यावर खेळ होतो. मेंढरं खरी असतात. एका वर्षी मागी लोकांपैकी (पूर्वेकडून आलेले ते ज्ञानी) एकाचा मुकुट मेंढराने खाल्ला (पुठ्ठा, वर सोनेरी कागद). तो मुलगा आता दोन पोरांचा बाप झालाय, तरी गावात अजून मागीच म्हणतात त्याला.

यंदा तरुण संघाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक तयार नाटिका माझ्याकडे पाठवली. आजच्या काळातली मरीया, वय सोळा. पोट घेऊन सरकारी दवाखान्यात येते. पांढऱ्या कोटातला डॉक्टर म्हणतो, लग्न नाही, बापाचा पत्ता नाही, पाडून टाक. शेजारी नर्स फॉर्म धरून उभी, ती हसते. मग मागून जड आवाज येतो, "मरीयेने या डॉक्टरचं ऐकलं असतं तर?" दिवे बंद. पडद्यावर सोनोग्राफीचा मोठ्ठा फोटो. त्यावर कॅरल.

पोरं खूश आहेत. पाळकसाहेबही. मला म्हणाले, "सिस्टर, नर्सचं काम तुम्हीच करा, ड्रेस तर घरचाच आहे."

मी तेवीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आहे, तालुक्याच्याच गावी. फॉर्म धरून उभी असते ती मीच. कधी हसलेले नाही.

आधी माझं स्वतःचं सांगते, नाहीतर खाली त्यावरच वाद घालत बसाल. गर्भपात मला मनातून पटत नाही. पोटातलं बाळ देवाने घडवलेलं असतं, हे मी स्तोत्र १३९ मध्ये वाचलं, आणि पोटाला नळी लावून ठोके ऐकतानाही मला तसंच वाटत आलंय. नोकरीच्या सुरुवातीला मी इन्चार्ज बाईंना सांगून त्या टेबलावरची ड्युटी बदलून घ्यायचे. एकदा एक बाई बाहेरून गोळ्या खाऊन आली. साडी भिजून पायातल्या चपलेपर्यंत रक्त. सासू सांगत होती, पाळी जास्त आलीय. त्या रात्री ड्युटी बदलून द्यायला कोणी नव्हतं. त्यानंतर मी बदलून मागणं सोडलं. मत तेच आहे, पण त्या बाईचा हात कोणीतरी धरायला लागतो.

आता नाटिकेचं. माझ्या दोन अडचणी आहेत.

पहिली अगदी साधी. हे असं घडतच नाही. सोळा वर्षांची पोर पोटुशी आली तर आमचं पहिलं काम पोलिसांना कळवण्याचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. "पाडून टाक" असं तोंडावर म्हणून कोणी मोकळं होत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात आणि २०२१ च्या दुरुस्तीत किती आठवड्यांपर्यंत, कोणाला, किती डॉक्टरांच्या मताने, हे सगळं लिहिलेलं आहे. चोवीस आठवड्यांपुढे गेलं तर मेडिकल बोर्ड. (तसं कायद्यात बघायचं तर गब्रीएल देवदूतच आधी अडकतो. "तुला पुत्र होईल" असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या दारावर पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.)

दुसरी अडचण मला पाळकसाहेबांना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. देवळात बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत महिला मंडळ बसतं. त्यातल्या चौघींची पोटं कधी, कशी रिकामी झाली ते मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. एकाच तालुक्यात तेवीस वर्षं नोकरी केली की देवळात आपणच नजर खाली ठेवून बसायला शिकतो. चोवीसच्या रात्री नव्या साड्या नेसून त्या बसणार, आणि मी ओट्यावर फॉर्म घेऊन हसणार?

तर विचारायचं हे की नाताळच्या गोष्टीचा आणि पोटातल्या जिवाच्या मोलाचा संबंध शास्त्रात खरंच आहे, की आपण ओढूनताणून लावतो? आणि असला तर तो ओट्यावर दाखवायचा कसा? कोणाच्या मंडळीत, धर्मग्रामात केलंय का काही?


जुना_करार
५ डिसेंबर, सकाळी ६.०५

सिस्टर, सलाम. सेमिनरीत तीन वर्षं काढली, पाळक झालो नाही, आता खताचं दुकान चालवतो. पण खाज गेलेली नाही, म्हणून लांबण लावतो.

संबंध आहे, आणि ओढूनताणून नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. मरीया डोंगराळ भागातल्या गावी नात्यातल्या म्हाताऱ्या अलीशिबेकडे जाते. अलीशिबेला सहावा महिना. मरीयेचा आवाज कानावर पडताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ब्रेफॉस, म्हणजे बाळ. दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना सांगतो की बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बालक तुम्हाला दिसेल. तिथेही शब्द ब्रेफॉसच. म्हणजे पोटातलं आणि गव्हाणीतलं, दोघांना लूक एकाच नावाने हाक मारतो. आणि कलस्सैकरांस पत्रात पौल या लूकला वैद्य म्हणतो.

दुसरं, पंचांग बघा. मरीयेला गब्रीएलने निरोप दिला तो सण २५ मार्चला, आणि नाताळ २५ डिसेंबरला. नऊ महिने बरोब्बर. अलीशिबेच्या त्या बाळाच्या, योहानाच्या जन्माचा सण २४ जून, कारण तो सहा महिन्यांनी मोठा. जुन्या मंडळीने हिशेब दिवस गेल्यापासून धरला होता. देव देही झाला तो गोठ्यात नव्हे, नासरेथात, कोणाला पत्ता नसताना, हे त्यांना पक्कं माहीत होतं. गोठ्यात आपल्याला तो दिसला, एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धंच सांगितलं की उरलेलं समोरचा काढतो. गर्भपाताचं सरळ नाव घेऊन केलेली आज्ञा बायबलात नाही. निर्गम २१:२२ वर लोक भांडतात. मारामारीत गरोदर बाईला धक्का लागला तर काय, असं ते कलम. तिथे मूल दगावलं असं वाचायचं की मूल आधी जन्मलं असं, यावर भाषांतरं वेगळी जातात. गर्भपात करू नये अशी स्पष्ट आज्ञा डिडाखे नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे. पण गर्भात जीव नेमका कधी येतो यावर मोठमोठ्यांचं एकमत नव्हतं. मध्ययुगातला मोठा धर्मपंडित थॉमस अक्विनस, त्याने तर अ‍ॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन आत्मा काही आठवड्यांनंतर येतो असं मानलं. पाप तो त्याआधीही म्हणतच होता, पण खुनाच्या रांगेत बसवत नव्हता. रोमच्या चर्चने शिक्षेतला हा फरक काढला १८६९ मध्ये. आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सगळ्यांचं मत एक नाही.

तुमच्या पोरांना एक विचारा. मरीया सोळा वर्षांची हे कुठून आणलं? शास्त्रात तिचं वय नाही. आणि तिच्या पोटातल्या बाळाला धोका होता तो दगडांचा. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचला की कळतं, वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीचं पोट दिसलं तर गावाच्या हातात काय येऊ शकत होतं. मत्तय सांगतो, योसेफ नीतिमान होता म्हणून तिला गुपचूप सोडणार होता. गुपचूप, हा शब्द महत्त्वाचा. खलनायक हवाच असेल तर बाळं मारवणारा हेरोद राजा बसलाय की तयार. त्याला कोट घालायची गरज नाही.


गिटारवाला_संघ
५ डिसेंबर, दुपारी १.४८

सिस्टर, मी तुमच्या गावचा नाही, पण आमच्या तरुण संघाने मागच्या वर्षी जवळपास हीच नाटिका केली. मी डॉक्टर झालो होतो. म्हणून थोडं लागलं वाचून.

ठीक आहे, पॉक्सो वगैरे आम्हाला सुचलं नाही. पण तुम्ही सगळे मोठे लोक दरवेळी असंच करता. कोणाला लागेल म्हणून हे नको, कोणाला वाटेल म्हणून ते नको. मग चर्चने बोलायचं कधी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८९४. बीडमध्ये ८०७. आमचं आजोळ बीडचं आहे. त्या मुली काय हेरोदाने नेल्या? महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ लाच केला, देशाच्या आधी. तरी हे आकडे. आणि ख्रिस्ती घरांत असलं होत नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

नाटिका भडक होती, मान्य. पण आमच्याकडे त्यानंतर दोन आठवडे तरी लोक त्यावर बोलत होते. मेंढपाळांच्या विनोदांवर कोणी दोन आठवडे बोलत नाही.


बत्तीवाली_सिस्टर
५ डिसेंबर, रात्री १०.१५

गिटारवाल्या, राग धरू नकोस, बाळा. तू म्हणतोस त्यातलं निम्मं मला मान्य आहे. छातीवर हात मी तर ठेवणार नाही.

पण तुझ्या नाटिकेत त्या खोलीत कोण कोण आहे ते मोज. डॉक्टर, नर्स, मरीया. आता मी बघते त्या खोलीत कोण असतं ते सांगते. सासू असते, बाकावर पिशवी मांडीत घेऊन. नवरा बाहेर मोटरसायकलवर बसलेला असतो, त्याला आत यायला लाज वाटते. कधी बाईची स्वतःची आई असते आणि तीच सगळ्यात जास्त घाई करत असते. दोन मुली आधीच्या असतात, एक कडेवर, एक नाक पुसत. त्यातलं कोणी तुझ्या ओट्यावर का नाही? डॉक्टरला कोट घालून उभा केला की समोर बसलेला एकही बाप्या अंग चोरत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. चोरतात फक्त त्या चौघी.

अजून एक. तुझ्या नाटिकेत आईच्या जिवाचा प्रश्नच येत नाही. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सविता हलप्पनवार गेली. बेळगावची पोर, दातांची डॉक्टर. सतरावा आठवडा होता, बाळ राहणार नव्हतं हे ठरलेलं, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबून राहिले. इन्फेक्शन रक्तात गेलं. सहा वर्षांनी, २०१८ ला, त्या देशाने मत देऊन कायदाच बदलला. बाळाची बाजू घेताना आई नजरेआड झाली की लोक शेवटी दोन्ही सोडून देतात. हे मी कोणाच्या बाजूने म्हणत नाही, घडलं ते सांगते.

जुना करार दादा, ब्रेफॉसचं मला माहीतच नव्हतं. आणि सहाव्या महिन्याचं बरोबर जुळतं. तेव्हा बाळ बाहेरच्या आवाजाला दचकतं. भांडं पडलं तरी पोट हलताना दिसतं. लूकने कोणत्यातरी बाळंतिणीकडे बसून विचारून घेतलेलं दिसतंय.


निर्मळच्या_तळ्याकडून
६ डिसेंबर, संध्याकाळी ४.३०

सिस्टर, मी वसईची, कुपारी घरातली, कॅथलिक. शाळेतून निवृत्त झाले. आमच्याकडे नाटिका मुलं करतात, पण खरी चुरस गोठ्यांची. पेंढा, पोत्याचं कापड, पुठ्ठ्याचे डोंगर, मेथी पेरून हिरवळ. आता सगळीकडे थर्माकोल आणि लाइट आलेत, ते मला आवडत नाहीत, पण माझं कोण ऐकतंय.

एक गोष्ट मात्र जुनीच चालत आलीय. गोठा आधीच तयार होतो. मरीया असते, योसेफ असतो, गाय असते, गाढव असतं. मधली गव्हाण रिकामी. बाळ येशूची मूर्ती कपाटात, मऊ कापडात. चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ती ठेवायची. आमच्या घरी ते काम सगळ्यात धाकट्याचं.

माझी दोन राहिली नाहीत. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. १९८७ आणि १९८९. तेव्हा त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती. नाव नाही, बाप्तिस्मा नाही, पुरायचं कुठे तेही विचारायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, होतील अजून. झाली पण, देवदयेने. तरी त्या दोन्ही वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात मी रोज त्या रिकाम्या गव्हाणीजवळ जाऊन बसायचे. कोणी विचारलं की पेंढा सारखा करतेय म्हणायचे. तिथे बाळ नाही, तरी सगळा गोठा त्याच्यासाठीच मांडलाय, हे बघून मला बरं वाटायचं. का ते नीट सांगता येणार नाही.

आमच्या चर्चची शिकवण कडक आहे, ते सगळ्यांना ठाऊक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीवनाच्या मोलावर जे मोठं परिपत्रक काढलं ते १९९५ मध्ये, २५ मार्चलाच. जुना करार म्हणाले तोच दिवस. पण त्याच परिपत्रकात ज्या बायकांनी गर्भपात केलाय त्यांच्याशीही पोप बोलले आहेत, खचू नका, आशा सोडू नका, असं. तो भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ठरवून टाकलं की या पापाची क्षमा कुठलाही धर्मगुरू देऊ शकतो, बिशपकडे धाव घ्यायला नको. आमच्या फादरांनी हे वेदीवरून वाचून दाखवलं तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई मिस्सा संपल्यावरही बराच वेळ गुडघ्यांवर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तुम्ही म्हणता तसंच.

तुमच्या ओट्यावर पडदा लावणारच असाल पोरं तर सोनोग्राफीच्या फोटोऐवजी रिकामी गव्हाण दाखवा. बघणाऱ्याला त्यात आपलं काय ठेवायचं ते ठेवू दे.


नाव_नको
७ डिसेंबर, पहाटे २.१०

मी अशाच पहिल्या रांगेतली आहे. गाव सांगत नाही.

एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी. डॉक्टर बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग नवऱ्याला आत बोलवा म्हणाले. बाळाची कवटी तयारच झाली नव्हती. हातपाय होते. हलत होतं. जन्मलं तर काही तास, फार तर काही दिवस, असं सांगितलं. आम्ही दोघं चार दिवस प्रार्थना करत होतो, मग गेलो. पाप केलं का, हे मला अजून कळलेलं नाही, आणि इथे कोणी कृपा करून सांगू नका.

त्याच वर्षी नाताळात आमच्याकडे अशी एक नाटिका झाली. पडद्यावर फोटो आला तेव्हा मी मोबाइल वाजल्यासारखं करून उठले आणि देवळामागच्या हापशापाशी जाऊन उभी राहिले. कॅरल संपेपर्यंत.

मला सांगायचंय ते वेगळंच. दवाखान्यातून घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या एक आजी आल्या. पदराखाली डबा. डिंकाचे लाडू. बाळंतिणीला देतात तसे, खारीक, खोबरं, सगळं घालून. म्हणाल्या, "बाळंतीणच आहेस तू. कंबर भरायला पाहिजे." शास्त्र वाचलं नाही, प्रार्थनासुद्धा केली नाही. डबा ठेवला आणि गेल्या. माझ्या बाळाला बाळ म्हणणारं तेवढं एकच माणूस भेटलं मला.


गिटारवाला_संघ
७ डिसेंबर, सकाळी ९.३२

मी वरचं वाचलं. मागच्या वर्षी आमच्याकडेही कोणीतरी उठून गेलं असेल का, माहीत नाही. लाइट बंद होते.


बत्तीवाली_सिस्टर
१३ डिसेंबर, रात्री ११.५५

सगळ्यांना सलाम. उशीर झाला, नाइट होती, आणि मग तालीम.

नाव_नको ताई, तुम्हाला काही सांगत नाही. लाडवांचं वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले, एवढंच.

नवी नाटिका लिहिली. अकरा वर्षांनी खरोखर लिहिली. सगळी अलीशिबेच्या घरात घडते. सुरुवातीला गब्रीएल येऊन जातो, शेवटी गोठा येतो, पण मधला सगळा खेळ एका उंबऱ्याच्या आत. लूकने एक बारीक वाक्य टाकलंय, मरीया तिथे सुमारे तीन महिने राहिली म्हणून. मी इतकी वर्षं ते वाचलं आणि पुढे गेले. तीन महिने! पहिले तीन, ओकाऱ्यांचे. गावात पोट दिसायच्या आधी पोरगी एका म्हातारीच्या घरी जाऊन राहिली. अलीशिबेने तिला बाप कोण विचारलं नाही. दारातच धन्य म्हणाली, आणि घरात घेतली.

हे लिहिताना माझी पणजी आठवत होती. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, पंडिता रमाबाईंच्या हाताखाली. तिथे कृपासदन म्हणून एक घर होतं, ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्या बायकांसाठी. पणजी सांगायची ते आजीकडून माझ्यापर्यंत आलं. रात्री कोणी दार वाजवलं की मोठ्या पोरींनी उठायचं, पाणी तापवायचं, आणि नाव सकाळी विचारायचं. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवा, अशा मजकुराचे कागद त्यांनी लावले होते. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी मांडीवर घेतला. ते ख्रिस्ती नव्हते, पण अलीशिबेचं घर म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा नीट कळलं होतं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, नाटिकेत फुले नको हां. नाही घालत. मनात ठेवते.

नाटिकेतला एक तुकडा देते. दोघी धान्य निवडत बसल्यात.

मरीया : मावशी, लोक काय म्हणतील?
अलीशिबा : मला चाळीस वर्षं वांझ म्हणत होते. त्यांचं तोंड दुखलं असेल आता. खडा बघ, तो तुझ्या बाजूला आहे.
मरीया : भीती वाटते.
अलीशिबा : वाटू दे. जेवलीस का?

तालमीत इथे कोणीतरी नाक ओढलं. मी वर बघितलं नाही.

गिटारवाल्याचंही ऐकलंय बरं का. नाटिकेत दोन शेजारणी येतात. त्यातली एक अलीशिबेला विचारते, मुलगी झाली तर काय करणार ग? अलीशिबा सूप आपटते आणि म्हणते, नाव ठेवणार. एवढंच वाक्य. बाप्यांच्या बाजूला बघून म्हणायचं असं मी अलीशिबेला बजावलंय.

डॉक्टरचं काम करणार होता त्या पोराला जखऱ्या केला, अलीशिबेचा नवरा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण जखऱ्या मुका झालेला असतो आणि सगळा वेळ पाटीवर लिहून दाखवतो. एकही वाक्य नाही. आता तो पाटीवर विनोद लिहायचा हट्ट धरून बसलाय. एक दिलाय.

पडदा आणि प्रोजेक्टर आणलाच होता पोरांनी, भाडं भरून. त्यावर चांदणी दाखवणार. शेवटी वसईच्या बाईंचं ऐकून गव्हाण काही वेळ रिकामीच ठेवायची, कॅरल नाही, काही नाही, आणि मग बाळ. पाळकसाहेबांनी विचारलं किती वेळ. मी म्हटलं, एक ‘हे आमच्या पित्या’ प्रार्थना म्हणून होईल एवढा.

बाळाला गुंडाळायला दरवर्षी कोणाचातरी चकचकीत दुपट्टा घेतो, तो घसरतो. शास्त्रात बाळंतं म्हटलंय तर बाळंतंच पाहिजे, जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रविवारी उपासनेनंतर मी महिला मंडळात सहज विचारलं, कोणाकडे आहे का. त्या चौघींपैकी एक म्हणाली, किती पाहिजेत? एकच, म्हटलं. बुधवारी तालमीला ती तीन घेऊन आली. कडा शिवून, घडी घालून, नेपथलीन गोळ्यांचा वास. कुठे ठेवली होती, कधीची, मी विचारलं नाही. तिन्ही वापरणार आहे, एकावर एक.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरलाय. अलीशिबा झालेली मुलगी बारीक आहे, सहाव्या महिन्याचं पोट म्हणून उशी बांधायची. पहिल्या तालमीत ती बाळ उडी मारतं त्याच क्षणी खाली सटकली. मेंढपाळ लोळले हसून. सेफ्टी पिना लावून बघितल्या, टोचतात. काय करावं?


जुना_करार
१४ डिसेंबर, सकाळी ६.१०

नऊवारी नेसवा. आत उशी ओढणीने कंबरेला आवळा आणि वरून ओचा घट्ट खोचा. हलणार नाही. आमच्या बायकोने तीन नाताळ काढलेत असे.


निर्मळच्या_तळ्याकडून
१४ डिसेंबर, सकाळी ७.४०

आणि उशी कापसाची घ्या, फोमची नको. फोम उडी मारल्यावर परत वर येत नाही.